दोर बांधण्याआधी थांबा

परदेशात लोक मोटरहोममागे छोटी गाडी जोडून फिरतात. आपल्याकडे मागे जोडली जाते ती बंद पडलेली गाडी. जानेवारीत मानेसरजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, धुक्यात माझी गाडी बंद पडली. नातू सोबत होता. मित्राने दोर काढला. मी नको म्हणालो. का, ते सांगतो.

इंजिन बंद असले की ब्रेक बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगची साथ सुटते. ब्रेक लागतो, पण पायाचा सगळा जोर लावून. नियमाने दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की मागचा आदळलाच. फौजेत आम्ही म्हणूनच लोखंडी टो-बार पसंत करायचो. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढली तर गिअरबॉक्सही जाऊ शकतो.

आता विमा. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाडाचा खर्च मिळत नाही. बिघडलेली गाडी तशीच चालवून नुकसान वाढले, तर ते आपल्या माथी. अपघातानंतर गाडी गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्चही प्रमाणित पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच. म्हणून 'रोडसाइड असिस्टन्स' जोडून घ्या आणि त्यातली किलोमीटरची मर्यादा वाचा.

गाडी बंद पडली तर ती कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, माणसे कठड्यापलीकडे न्या आणि १०३३ ला फोन करा. आम्ही थंडीत दीड तास कुडकुडलो. पण नातू कठड्यापलीकडे होता.