फीच्या बिलातली वर्गणी

अमेरिकी कॉलेजांमधल्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या मुलग्यांच्या आणि मुलींच्या संघटना, सभासदांच्या वर्गणीवर चालतात. ग्रीक अक्षरांची प्रथा १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’पासून सुरू झाली. ह्यूस्टन विद्यापीठात १९९८ मध्ये निघालेल्या ‘डेल्टा फाय ओमेगा’सारख्या दक्षिण आशियाई सोरोरिटीही आज त्यांत आहेत.

वर्गणी साधारणपणे दर सत्राला घेतली जाते. तिचा एक वाटा राष्ट्रीय कार्यालयाला जातो, एक विम्याला आणि उरलेला कार्यक्रमांना व घराच्या देखभालीला. रॅगिंग किंवा दारूपायी झालेल्या अपघातांचे दावे संघटनेवर येत असल्याने विम्याचा भार हलका नसतो. पहिल्या सत्रात प्रवेश शुल्क आणि बिल्ल्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. संघटनेच्या घरात राहणाऱ्यांना भाडे आणि जेवणही भरावे लागते. बाहेर राहणाऱ्या सभासदांकडूनही बऱ्याच ठिकाणी घराच्या खर्चाचा हिस्सा घेतात.

हे पैसे गोळा करण्याचे काम शाखेच्या खजिनदाराकडे असते. तो किंवा ती स्वतःच वीस-एकवीस वर्षांची विद्यार्थी, आणि तगादा लावायचा तो मित्रमैत्रिणींकडेच. म्हणून अनेक शाखा वसुली ‘ओमेगाफाय’सारख्या खासगी कंपनीकडे सोपवतात. काही कॉलेजांत मात्र वर्गणी थेट विद्यार्थ्याच्या फी-खात्यात चढते. शाखा ठरलेल्या तारखेपर्यंत नावे आणि रकमा लेखा कार्यालयाला कळवते, रक्कम शिकवणीच्या फीखाली वेगळी ओळ म्हणून येते आणि कॉलेज ती शाखेकडे वळती करते. संघटनेचे घर कॉलेजच्याच मालकीचे असेल तर भाडे या मार्गाने येणे स्वाभाविकच आहे. शाखेला याचा मोठा आधार वाटतो, कारण स्वयंपाक्याचा पगार आणि विम्याचा हप्ता कोणासाठी थांबत नाहीत.

पण या सोयीबरोबर देण्याचे स्वरूप बदलते, आणि विद्यार्थ्याने नीट पाहावे ते इथेच. शाखेची वर्गणी थकली तर शाखा मतदानाचा हक्क काढून घेईल, सभासदत्व स्थगित करील किंवा वसुली संस्थेकडे जाईल. तीच रक्कम कॉलेजच्या खात्यावर थकली तर पुढच्या सत्राची विषयनोंदणी अडू शकते, शिवाय विलंबशुल्क लागते. ऐच्छिक मंडळाच्या बाकीपायी शिक्षण खोळंबणे हे न्याय्य म्हणता येणार नाही. म्हणून अर्धवट रक्कम भरल्यास ती आधी कोणत्या बाबीत जमा होते, हे संमती देण्यापूर्वीच विचारून घ्यायला हवे.

सरकारी आर्थिक मदतीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. संघीय नियमांनुसार खात्यावर आलेली मदत शिकवणी फी, आवश्यक शुल्क आणि कॉलेजने पुरवलेले राहणे-जेवण यांसाठी वापरता येते. क्लबच्या वर्गणीसारखी रक्कम विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीवाचून त्यातून परस्पर कापता येत नाही, आणि दिलेली परवानगी केव्हाही मागे घेता येते. मदतीतून शिल्लक राहिलेली रक्कम कॉलेजने १४ दिवसांच्या आत विद्यार्थ्याला द्यायची असते. मुलांच्या शिक्षणासाठी पालक ज्या ‘५२९’ बचत योजनेत पैसे ठेवतात, तिच्यातूनही वर्गणी करमुक्त भरता येत नाही. घराचे भाडे आणि जेवण मात्र, विद्यार्थी निदान अर्धवेळ शिकत असेल तर, कॉलेजने ठरवलेल्या खर्चमर्यादेपर्यंत चालते. त्यामुळे बिलात ‘ग्रीक शुल्क’ असा एकच ठोक आकडा असेल तर शाखेकडून भाडे, जेवण आणि वर्गणी यांची फोड लेखी मागून घ्यावी.

बिल विद्यार्थ्याच्या नावाने निघते, आणि पालकांना ते ऑनलाइन पाहण्यासाठी बहुधा विद्यार्थ्यानेच परवानगी द्यावी लागते. सत्राच्या मध्येच सभासदत्व सोडणाऱ्याला कॉलेजचे फी-परताव्याचे वेळापत्रक सहसा लागू होत नाही. परतावा शाखेच्या नियमांप्रमाणे ठरतो. राजीनामा शाखेला लेखी द्यावा आणि त्याची प्रत लेखा कार्यालयालाही द्यावी, कारण शाखेने कळवल्याशिवाय ते कार्यालय बिलातली वर्गणीची नोंद सहसा काढत नाही.