वजन उतरवणारी औषधं : पदरात काय पडतं?

ऑर्लिस्टॅट : ही गोळी भूक मारत नाही. जेवणातली साधारण 30 टक्के चरबी ती आतड्यात पचू देत नाही. चार वर्षांच्या एका मोठ्या चाचणीत आहार-व्यायामासोबत ती घेणाऱ्यांचं वजन सरासरी 5.8 किलोंनी उतरलं. नुसत्या आहार-व्यायामानं 3 किलोंनी. तळलेलं खाल्लं, की तेलकट जुलाब ठरलेले. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात.

गार्सिनिया कंबोजिया : कोकमाच्या कुळातलं फळ. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या चाचणीत त्याचा अर्क आणि औषध नसलेली गोळी यांत वजनाचा फरक दिसला नाही.

सिब्युट्रामिन : भूक कमी करणारी गोळी. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याचं दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून ती मागे घेण्यात आली. भारतातही बंदी आहे. तरीही ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ती चोरून मिसळलेली वारंवार सापडली आहे.

सेमाग्लुटाइड : आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्के घटलं. मात्र ते थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. मळमळ, उलट्या हे नेहमीचे त्रास.

मग ऑर्लिस्टॅट किंवा सेमाग्लुटाइड घ्यावं का? लठ्ठपणा किंवा जास्त वजनासोबत मधुमेह, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर विचार करावा. लग्नसराईसाठी चार किलो उतरवायला मात्र नको. गर्भवतींनी तर या वाटेला जाऊच नये.