पेडल निघता निघत नाही!

सायकलचे पेडल बदलायला बसलेल्या मुलांची एक तक्रार नेहमीची असते. उजवे पेडल थोड्या खटपटीने निघते. डावे मात्र जितका जोर लावावा तितके अधिकच घट्ट बसते! शेवटी पाना सटकतो आणि बोटे सोलवटतात. आपण गंजाला दोष देतो. पण पुष्कळदा चूक असते ती फिरवण्याच्या दिशेची.

पेडलची आस क्रँकच्या भोकात आट्यांनी बसवलेली असते. उजव्या पेडलचे आटे नेहमीच्या स्क्रूसारखे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले की घट्ट होणारे. डाव्याचे आटे मात्र उलटे असतात. असे का बरे?

एक प्रयोग करून पाहा. टेबलावर बांगडी आडवी ठेवून एका हाताने दाबून धरा. आत बाटलीचे लहान झाकण ठेवा व त्याच्या कडेवर शाईची खूण करा. आता झाकण बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, काट्यांप्रमाणे गोल न्या. खुणेकडे पाहा. झाकण स्वतःभोवती उलट दिशेने फिरताना दिसेल!

पेडलच्या आसेचेही असेच होते. आस आणि भोक यांच्यात अगदी बारीक फट राहतेच. पायाचा दाब नेहमी खाली असतो, क्रँक मात्र फिरत असतो. त्यामुळे आस भोकाला जेथे टेकते ती जागा भोकाच्या कडेने सरकत राहते. उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक काट्यांप्रमाणे फिरतो, टेकण्याची जागा भोकात उलट सरकते, आणि म्हणून आस काट्यांप्रमाणे वळू पाहते, म्हणजे घट्ट होते. डाव्या बाजूने पाहिल्यास सारेच उलट. तेथे सरळ आटे असते, तर चालता चालता पेडल सैल होऊन गळून पडले असते.

दिशा लक्षात ठेवण्याची युक्ती सोपी आहे. पाना पेडलच्या आसेवर उभा, टोक वर करून लावा आणि ते टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पेडले अशीच सैल होतात.

आता हत्यार. बहुतेक पेडलांना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. पेडल आणि क्रँक यांच्यामधली जागा अरुंद असल्याने तो पातळ हवा. पक्कड किंवा सैल स्क्रू पाना वापरू नका. आसेच्या सपाट बाजू झिजून गोल झाल्या, की मग चांगला पानाही धरत नाही. काही पेडलांना सपाट बाजू नसतातच. त्यांच्या आसेच्या आतल्या टोकाला षटकोनी खाच असते व तिला ६ किंवा ८ मिलिमीटरची ॲलन किल्ली लागते.

पाना लांब असावा. २० किलोग्रॅमचा जोर १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर लावला, तर परिबल ३०० किलोग्रॅम-सेंटिमीटर होते. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर तोच जोर ६०० देतो. ताकद तीच, काम दुप्पट!

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, म्हणून तो आट्यांतली फट भरून टाकतो. अशा वेळी आट्यांवर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. केशाकर्षणाने ते बारीक फटीत आपोआप शिरते.

शेवटी क्रँक पुढच्या चाकाकडे आडवा करा. पान्याचे टोक मागच्या चाकाकडे, क्रँकच्या थोडेसे वर येईल असे लावा. मग एका हाताने क्रँक व दुसऱ्याने पाना धरून, कात्रीची पाती मिटावीत तसे दोन्ही जवळ आणा. क्रँक जागचा हलत नाही आणि सारा जोर आट्यांवर येतो. साखळी मोठ्या दातेरी चक्रावर असू द्या. पाना सटकला तरी दाते हाताला लागत नाहीत.

नवे पेडल बसवताना आसेच्या टोकावरची 'आर' (उजवे) व 'एल' (डावे) ही इंग्रजी अक्षरे पाहून घ्या, आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले काही फेरे बोटांनीच द्या. आटे वाकडे धरले, तर क्रँकच बदलावा लागेल!