बांधकाम मजुरांचे हक्क नोंदणीपाशी अडतात

हिवाळ्यात दिल्लीची हवा श्वास घेण्यास अयोग्य झाली की बांधकामांवर बंदी येते. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश येथून आलेल्या मजुरांची रोजीही त्याच दिवशी थांबते. या मजुरांना बंदीच्या काळात उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला. २०२४ च्या बंदीत दिल्ली सरकारने ८ हजारांपैकी आधी २ हजार रुपयेच दिले, तेव्हा न्यायालयाला पुन्हा खडसवावे लागले. तथापि, ही रक्कमही नोंदणीकृत मजुरांपुरतीच होती.

वास्तविक हा निधी मजुरांच्याच नावाने गोळा होतो. १९९६ च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम राज्यांच्या कल्याणकारी मंडळांसाठी वसूल केली जाऊ लागली. अपघात साहाय्य, प्रसूती लाभ, निवृत्तिवेतन यांची तरतूद त्यातूनच होते. लाभार्थी होण्यासाठी मात्र मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे सिद्ध करावे लागे. वर्षभरात चार ठेकेदारांकडे राबलेल्या मजुराला हा दाखला कोण देणार? राज्य बदलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परिणामी मंडळांकडे निधी साचत गेला आणि मजूर वंचित राहिले. मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने याच विसंगतीवर कठोर भाष्य केले होते.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी काही दारे उघडली आहेत. १९७९ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेलाच मजूर आंतरराज्य स्थलांतरित ठरत असे. आता स्वतःहून आलेलाही त्या व्याख्येत बसतो. ज्या राज्यात काम, तेथील उपकर निधीचा लाभ मिळण्याचीही तरतूद आहे. मात्र जुन्या कायद्यातील विस्थापन भत्ता गेला आणि संरक्षणाची मर्यादा पाच मजुरांवरून दहांवर गेली. लहान ठेकेदारांकडील मजूर त्यामुळे कक्षेबाहेर राहतील.

उपाय दुष्प्राप्य नाही. उपकराची आकारणी प्रत्येक बांधकामानुसार होते. म्हणजे काम कोठे चालू आहे, हे शासनाला ठाऊक असते. आकारणीच्या वेळीच तेथील मजुरांची नोंदणी करण्याचे दायित्व मालकावर टाकता येईल. पैसा वसूल करताना यंत्रणा बांधकामापर्यंत पोहोचते. हक्क देतानाही तिने तेथेच जावे.