देठ आणि कळी

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे परिसरात आणि पवन मावळात पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली, पिकणाऱ्या डच गुलाबाची प्रत प्रथम देठाच्या लांबीवरून ठरते. कापलेली फुले पाण्यात उभी ठेवून थंड केली जातात आणि नंतर मेजावरील 40, 50, 60, 70 सेंटिमीटरच्या खुणांशी ताडून वेगळी काढली जातात. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या हाती असते. लांबी कोणालाही मोजता येते. खरे कसब आहे ते कळी पारखण्याचे. देठ साठचा, पण कळी बारीक आणि मान नाजूक, असे फूल खालच्या प्रतीत जाते, कारण अशी मान पाणी वर न चढल्यास फूल उमलण्याआधीच वाकते.

उंची आणि फुलाचा आकार यांची अशीच सांगड पाश्चात्त्य बागांतील दाढीधारी आयरिसच्या, म्हणजे पाकळीवर केसाळ पट्टा असणाऱ्या फुलझाडाच्या, वर्गीकरणात आढळते. तेथे 20 सेंटिमीटरपर्यंतची झाडे सर्वांत ठेंगणी आणि 70 च्या वरची उंच मानली जातात. परंतु 41 ते 70 या एकाच टप्प्यात तीन वर्ग येत असल्याने उंची अपुरी पडते, आणि मग एका वर्गासाठी फुलाची उंची व रुंदी मिळून सुमारे 15 सेंटिमीटरची मर्यादा घातली जाते, तर उरलेल्या दोहोंना बहराचा काळ वेगळे करतो.

आयरिसमध्ये वर्ग वाणाला मिळतो. गुलाबाची प्रत मात्र एकाच झाडावर ऋतूगणिक बदलते. डिसेंबरच्या मध्याला छाटलेल्या झाडावर थंड रात्रींमुळे कळी सावकाश भरते आणि जानेवारीअखेर, व्हॅलेंटाइन डेच्या निर्यातीसाठी, लांब देठाची टपोरी फुले मिळतात. तेच झाड मे महिन्याच्या उष्म्यात घाईने फुलते, देठ आखूड राहतो, कळी लहान होते. लोणावळ्याकडे वाढत जाणाऱ्या पावसाच्या दिवसांत ढगांमुळे प्रकाश घटतो, फुटवे बारीक येतात आणि दमट हवेत पाकळ्यांवर बुरशीचे डाग पडतात. म्हणून प्रतवारीच्या मेजावर केवळ फूल नव्हे, तर मागील दीड-दोन महिन्यांची मशागत आणि हवा तपासली जाते, असे म्हणणे रास्त ठरेल.

वीस फुलांची जुडी बांधून कळ्यांभोवती पन्हळी कागद गुंडाळण्यापूर्वी त्या स्त्रिया अंगठा आणि तर्जनीमध्ये कळी हलकेच दाबून पाहतात, आणि एखादी मऊ लागली, तर जुळत आलेली जुडी सोडून ते फूल बदलतात.