एक एकर, दोन पिके : वर्ध्याच्या कास्तकाराचे अर्थशास्त्र

मृगाचा पाऊस पडला की हिंगणघाट, देवळी, सेलू भागातील कास्तकारापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : पऱ्हाटी लावायची की सोयाबीन पेरायचे? जमीन तेवढीच, पैसा तेवढाच, घरची माणसेही तेवढीच. अर्थशास्त्राची सुरुवात इथेच होते. लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३२ साली हेच मांडले : साधने मर्यादित असतात, त्यांचे उपयोग मात्र अनेक असतात, म्हणून निवड करावीच लागते.

निवडीची किंमत असते. कापूस घेतला म्हणजे सोयाबीन सोडले. हातून सुटलेल्या या लाभालाच ‘संधी खर्च’ म्हणतात. तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, पण भरावा लागतोच.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, पाच एकरांपैकी तीन एकर भारी काळी आणि दोन एकर हलकी जमीन आहे. भारी जमिनीत एकरी सात क्विंटल कापूस होतो, हलकीत फक्त तीन. सोयाबीन दोन्हीकडे पाच क्विंटल होते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये, तर सोयाबीनचा ५,३२८ रुपये ठरला होता. या भावाने हलक्या जमिनीत एकरी कापूस २३,१३० रुपयांचा, तर सोयाबीन २६,६४० रुपयांचे होते. भारी जमिनीत मात्र कापूस ५३,९७० रुपयांचा होतो. म्हणजे हलकी जमीन सोयाबीनला दिली तर फारसे गमवावे लागत नाही. तोच हट्ट काळ्या जमिनीत धरला, तर प्रत्येक क्विंटल सोयाबीनमागे जवळजवळ दीड क्विंटल कापूस सोडावा लागतो.

अर्थात हिशेब एवढ्यावर संपत नाही. कापसाला फवारणी आणि वेचाईचा खर्च जास्त, आणि शेत महिनोन्‌महिने अडकून राहते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, हातात रोकड येते आणि ओलावा असेल तर त्याच शेतात हरभरा पेरता येतो. उलट, ऐन काढणीत पाऊस आला तर उभे सोयाबीन खराब होते. शिवाय बाजारात हमीभाव मिळेलच याची खात्री नसते.

या दोन पिकांच्या ओढाताणीत ज्वारी मागे पडली. तिच्याबरोबर घरचे धान्य गेले आणि बैलांचा कडबाही गेला. या गोष्टी आता बाजारातून आणाव्या लागतात. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांचा आग्रह याच कारणासाठी होता : गावाच्या जमिनीची वाटणी करताना आधी गावाच्या अन्नाची गरज पाहावी.

व्यापाऱ्याचीही यातून सुटका नाही. जिनिंगवाल्याने सगळे भांडवल कापसात गुंतवले, तर सोयाबीनची आवक डोळ्यांसमोरून निघून जाते. तेजीच्या आशेने गाठी थोपवून धरल्या, तर तेवढे दिवस तो पैसा दुसरीकडे फिरत नाही. भाव चढला तरी हा खर्च वजा केल्याशिवाय नफा कळत नाही.

म्हणून पेरणी असो वा खरेदी, ‘यातून काय मिळेल’ एवढेच विचारून भागत नाही. ‘यासाठी मी काय सोडतो आहे’ हेही विचारावे. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेकांचे नुकसान दुसरा न विचारल्याने होते.