फवारलेल्या फोमच्या छपरास लेप कोणता द्यावा?

कुक्कुटपालनाची शेड, गोदाम वा शीतगृह यांच्या छपरावर पॉलियुरेथेनचा फोम फवारल्याने उष्णता अडते, पत्र्याचे सांधे बुजतात व गळती थांबते. दोन द्रवे बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येऊन पत्र्यावर पडतात आणि काही क्षणांत फुगून घट्ट होतात. परंतु या फोमला ऊन सोसत नाही. तो उघडा राहिल्यास प्रथम पिवळा, मग तपकिरी पडतो व हात फिरविताच त्याची भुकटी निघते. अशा भुकटीवर कोणताही लेप धरत नाही. म्हणून फोम फवारल्यावर शक्य तर दुसऱ्याच दिवशी लेपाचा पहिला हात द्यावा. तीन दिवसांपलीकडे हे काम नेऊ नये. लेपाचा खर्च पुढील हंगामावर टाकू पाहणाऱ्याने फोमही पुढील हंगामातच घ्यावा, हे बरे.

लेप निवडताना पुष्कळजण प्रथम डब्याची किंमत विचारतात. वास्तविक प्रथम पाहावयाचे ते पाणी. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनीही छपरावर डबके राहत असेल, तर ॲक्रिलिकचा लेप तेथे टिकणार नाही. तो साचलेल्या पाण्यात मऊ पडतो व फुगून सुटतो. उतार चांगला असेल तेथे मात्र हाच लेप स्वस्त व सोयीचा होय. तो पाण्यात कालविलेला असतो, आणि पांढरा रंग असल्यास ऊन परतवितो. उन्हाळ्यात पक्षी धापा टाकतात अशा विदर्भातील शेडला एवढ्याने मोठाच आधार मिळतो.

डबके टाळता येत नसेल तेथे सिलिकोन घ्यावे. ऊन व पाणी दोन्ही ते उत्तम सोसते. मात्र त्यावर धूळ लवकर बसते, ओले असता पाय घसरतो, व पुढे कधी नवा हात द्यावयाचा झाल्यास सिलिकोनवर सिलिकोनच धरते. पक्ष्यांच्या चोचीपुढेही ते नाजूक ठरते. छपरावर माणसांची ये-जा असेल किंवा माकडांचा उपद्रव असेल, तर पॉलियुरेथेनचा चिवट लेप अधिक योग्य. तो महाग पडतो, आणि त्याचा वरचा हात ऊन सोसणाऱ्या जातीचाच असावा लागतो.

शीतगृहाची गोष्ट निराळी आहे. तेथे बाहेरील दमट, उष्ण हवेतील बाष्प आतल्या थंडाव्याकडे ओढले जाते. ॲक्रिलिक व सिलिकोन या दोहोंतून बाष्प पार होते. ते फोममध्ये साठले की फोम आतून भिजतो व विजेचे बिल वाढते. अशा छपरास उष्ण बाजूने, म्हणजे बाहेरून, बाष्परोधक थर हवाच. तो कोणता, हे काम देण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.

लेपाची जाडी डोळ्यांनी कळत नाही, हिशेबाने कळते. एक लिटर लेप एक चौरस मीटरवर पसरला, तर ओला थर एक मिलिमीटर होतो. त्यातील घन भाग निम्मा असेल, तर वाळल्यावर अर्धाच मिलिमीटर उरतो. पाऊण मिलिमीटर सुका थर हवा असल्यास १०० चौरस मीटर छपराला १५० लिटर लागतील. ठेकेदाराने ८० लिटरांत काम उरकले, तर काय झाले हे सांगावयास नको. फोमचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा असावा. फुटलेल्या लाहीसारखा असल्यास तो घासून सारखा केल्याविना लेप देऊ नये. लेपाचे दोन हात दोन निराळ्या रंगांचे व एकमेकांस आडवे द्यावेत, म्हणजे सुटलेली जागा तत्काळ दिसते.

फवारणीच्या वेळी शेडमध्ये पक्षी वा माणसे ठेवू नयेत. त्या वाफा श्वसनास अपायकारक असतात. लेप दिला तरी फोम ज्वलनशीलच राहतो, यास्तव वेल्डिंगची कामे आधीच उरकावी. लेपाचे काम मृगापूर्वी पुरे करावे. हिवाळ्यात केल्यास सकाळचे दव पुरते वाळल्यावरच आरंभ करावा.

पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर छपरावर चढून कावळ्यांनी टोचलेल्या जागा शोधाव्यात. भोकातील ओला फोम कापून काढावा, जागा वाळू द्यावी, नवा फोम भरावा, आणि मूळचा होता त्याच जातीचा लेप द्यावा.